माझी मान कोणी वळवली?

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. फोटो काढणारा नव्हे, पहारा ठेवणारा. वय वर्षं सात. तुमच्यात सात वर्षांचं मूल दुसरीत असतं. आमच्यात सात वर्षांचा कॅमेरा म्हातारा धरतात. सध्या मी पोलीस ठाण्यातल्या एका लोखंडी कपाटात आहे. माझ्याभोवती पारदर्शक पिशवी आहे, तिच्या तोंडाला सील आहे आणि एका चिठ्ठीवर माझा नंबर लिहिला आहे. मी आरोपी नाही, साक्षीदार आहे. पण साक्षीदार होण्याआधी पाच दिवस मी नेमका कोणाचा होतो, हे मला अजून सांगता येत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म हिमालयापलीकडच्या एका मोठ्या देशात झाला. कारखान्यात लांबच लांब टेबलं होती आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुली त्यांवर वाकून काम करायच्या. त्यांतल्या एकीने माझ्या डोळ्याची काच बसवली. तिचे हात हलके होते. तिच्या डोक्यावर छताला माझ्याच जातीचा एक कॅमेरा होता, पण तिने दिवसभरात एकदाही वर पाहिलं नाही. तो कोणासाठी बघतो, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती. शेवटी माझ्या पोटात एक पट्टी बसवली. त्या पट्टीवर मी कसं बघायचं, कसं ऐकायचं आणि कोणाचा हुकूम मानायचा, ते सगळं लिहिलेलं होतं. मला ते वाचता येत नव्हतं. पोटात काय घातलंय, हे कोणी वस्तूला सांगत नाही.

जहाजाने मी न्हावाशेव्याला आलो आणि तिथून विरारच्या एका दुकानात. दुकान जितेशचं होतं. जितेश बोलका, कामात चलाख आणि कायम घाईत. त्यानेच मला हिलरीच्या रोपवाटिकेत नेऊन बसवलं.

हिलरी वसईजवळच्या सांडोर गावचा. आखातात अकरा वर्षं नोकरी करून परत आला आणि नायगाव व वसई रोड स्टेशनांच्या मध्ये, रुळांच्या पश्चिमेला जागा घेऊन त्याने रोपवाटिका काढली. केळीची रोपं, मोगरा, अनंत आणि सोनचाफ्याची कलमं. एका आठवड्यात चाफ्याची चाळीस कलमं चोरीला गेली, तेव्हा त्याने मला आणलं. लोखंडी खांबावर, बारा फुटांवर माझी जागा ठरली. मला मान होती. घरी बसून हिलरी फोनवरून ती डावी-उजवीकडे वळवू शकत होता. मला कानही होते. तोंड मात्र नव्हतं.

"पासवर्ड काय टाकू, अंकल?" जितेशने शिडीवरून विचारलं.

"आमच्या गावच्या सणाची तारीख टाक. घरात कोणी विसरणार नाही."

"तुमच्या गावात सगळे हेच सांगतात," जितेश हसला. "बरं पडतं. मलापण लक्षात राहतं."

मित्रांनो, इथली प्रत्येक जुनी ख्रिस्ती वस्ती आपल्या चर्चच्या सणाभोवती वर्ष मोजते. लग्न सणाआधी की सणानंतर, घराला रंग कधी, परदेशातला मुलगा रजेवर कधी येणार, सगळं त्या तारखेवरून ठरतं. त्यामुळे सांडोरच्या कित्येक घरांत फाटकाच्या कुलपाला तोच आकडा, वायफायला तोच आणि कॅमेऱ्यालाही तोच. ही तारीख दर वर्षी निमंत्रणात छापून येते आणि इंटरनेटवर बँडच्या नावासकट झळकते. ती गुप्त राहावी असं कोणाला वाटलंच नाही, कारण ती अभिमानाची गोष्ट होती.

माझी कामाची वर्षं चांगली गेली. दुसऱ्याच महिन्यात चोरांचा टेंपो परत आला आणि माझ्या चित्रावरून नंबर सापडला. हिलरीने शिडी लावून स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसली होती. जुचंद्रहून येणारा धर्मा रोपवाटिकेचं सगळं काम बघायचा. त्याची हजेरी माझ्याकडे होती. सकाळी बरोबर सातला तो खांबासमोर उभा राहून पाण्याची झारी डोक्यावर धरायचा. समोर माणूस दिसला की मी हिलरीच्या फोनवर फोटो पाठवायचो. सकाळची मिस्सा संपवून हिलरी चर्चबाहेर यायचा, फोटो बघायचा आणि निश्चिंतपणे घरी चहाला जायचा. सात वर्षांत हजेरीचं वेगळं साधन कोणी शोधलं नाही.

मग हळूहळू दुर्लक्ष सुरू झालं. काचेच्या कडेला कोळ्याने जाळं केलं. हिलरीच्या फोनवर अधूनमधून सूचना यायची, 'कॅमेऱ्यासाठी दुरुस्ती आली आहे, आता घ्यायची का?' हिलरी 'नंतर' दाबायचा. माझ्या हिशेबाने त्याने एकोणीस वेळा 'नंतर' दाबलं. रोपांना वेळेवर खत घालणारा माणूस तो; पण मलाही काही घालावं लागतं, हे त्याच्या मनात आलं नाही.

आणि मग तो मे महिना आला.

पश्चिम सीमेवर तणाव वाढला होता. धर्माच्या फोनवर दिवसभर बातम्या चालू असायच्या. उत्तरेकडे जाणाऱ्या मालगाड्या वाढल्या होत्या. सोमवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी रुळांवरून जड आवाज आला आणि माझी मान वळली.

हिलरीचा हात मला ठाऊक होता. तो मला वळवायचा तेव्हा मी पुढे जायचो, मागे यायचो, पुन्हा पुढे जायचो, कारण चष्मा शोधेपर्यंत त्याचं बोट सुटायचं. हा हात तसा नव्हता. एका हालचालीत मी चाफ्यावरून रुळांवर गेलो आणि नेमका थांबलो. समोरून मालगाडीच्या उघड्या वाघिणी, म्हणजे छत नसलेले डबे, चालले होते. त्यांवर ताडपत्र्या बांधल्या होत्या आणि ताडपत्र्यांतून तोफांच्या लांब सोंडांचे आकार दिसत होते. त्या हाताने माझा डोळा बारीक करून प्रत्येक वाघीण जवळून पाहिली. शेवटचा डबा गेला तशी माझी मान पुन्हा चाफ्यावर आली, अगदी जिथे होती तिथे.

मंगळवारी हे दोनदा झालं. बुधवारी एकदा. मला उशिरा कळलं की तो हात माझ्या कानांनी ऐकत होता. रोजच्या गाड्यांना तो हलायचा नाही. मालगाडीचा जड आवाज आला की वळायचा. म्हणजे कुठेतरी कोणीतरी सकाळपासून बसून माझ्या कानातून आमचे रूळ ऐकत होतं. खाली धर्मा रोपांना पाणी घालत होता आणि मी ओरडू शकत नव्हतो.

गुरुवारी सातला मालगाडी आली. धर्माने झारी डोक्यावर धरली तेव्हा मी रुळांकडे बघत होतो. फोटो गेला नाही, आणि माझी मान परत येईपर्यंत धर्मा मागच्या वाफ्यांकडे गेला होता. शुक्रवारीही तसंच झालं. सात वाजून बावीस मिनिटांनी धर्माच्या फोनवर हिलरीचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला.

"धर्मा, काल दांडी, आज दांडी. एक फोन तरी करशील की नाही? मी काय समजायचं?"

धर्माने लगेच फोन लावला. "शेट, मी दोन्ही दिस सातलाच आलोय. पानी घालून झालं पन. झारी दाखवली ना तुमाला."

"मग फोटो कुठे?"

"ते तुमच्या डोल्याला इचारा. माझ्यावर कशाला?"

धर्माला राग आला होता. सात वर्षांत त्याने न सांगता रजा घेतली नव्हती. पाऊण तासात हिलरी स्कूटरवरून आला तेव्हा तो बांधावर पाठ करून बसला होता.

"रुसलास काय?" हिलरी म्हणाला.

"रुसाय मी काय जावय हाय तुमचा?"

"बरं बाबा. चल, दाखव कुठे उभा होतास."

धर्मा खांबासमोर उभा राहिला आणि त्याने झारी वर धरली. तेवढ्यात उत्तरेकडे जाणारी मालगाडी आली. दोघांच्या डोळ्यांदेखत माझी मान त्यांच्यावरून वळली आणि रुळांवर जाऊन थांबली.

धर्माने झारी हळूच खाली ठेवली.

"शेट, तुमी फिरवला?"

"माझा फोन डिकीत आहे," हिलरी म्हणाला. त्याचे दोन्ही हात रिकामे होते. तो त्यांच्याकडेच बघत होता.

मग त्याने वाहत्या गाडीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. पुढची चूक घाबरलेल्या माणसाची होती. शिडी लावून तो वर चढला आणि रोपांची काळी पिशवी त्याने माझ्या डोक्यावर उलटी घातली. मला काही दिसेना. हिलरीला वाटलं, प्रश्न मिटला. खाली उतरून त्याने मुलीला फोन लावला.

रोवेना त्याची थोरली मुलगी. गोरेगावला एका बँकेच्या संगणक विभागात नोकरी करते. घरी ही दोघं सांडोरच्या बोलीत बोलतात. परक्या देशात जन्मलेल्या मला ती समजायला दोन वर्षं लागली. तुम्हाला मी ती शाळेच्या मराठीत सांगतो.

"पिशवी का घातलीस, पपा?" रोवेनाचा आवाज स्पीकरवर होता.

"त्याला दिसू नये म्हणून."

"म्हणजे त्याला कळलं की तुला कळलंय. आता तो सगळं पुसेल. कॅमेऱ्यातल्या कार्डावर लिहिलेलं असतं, कोणी कधी आणि कुठून वळवला. ते गेलं तर उरेल काय? तुझा कॅमेरा आणि तुझा पासवर्ड."

ती बोलत होती तेव्हाच माझ्या पोटात तो हात शिरला होता. सोमवारचं सगळं गेलं. मंगळवारचं गेलं. मला दुखत नव्हतं, फक्त रिकामं वाटत होतं.

"वायर काढ," रोवेना म्हणाली.

"कुठली?"

"सगळ्या. आत्ता, पपा."

हिलरी वायरींकडे बघत राहिला. माझ्या खांबावर दोन वायरी होत्या, काळी आणि निळी, आणि सात वर्षांच्या वेलीने त्या एकत्र बांधून टाकल्या होत्या. वाट न बघता धर्माने कमरेची कलमाची कात्री काढली आणि वेलीसकट दोन्ही वायरी एका दमात कापल्या. बुधवार अर्धा गेला होता. गुरुवार आणि शुक्रवार वाचले.

रोवेना साडेदहाला पोहोचली. तोवर हिलरीने मला खाली उतरवलं होतं आणि पोत्यात गुंडाळलं होतं.

"खाडीत टाकतो," तो म्हणाला. "भरती आहे. पाणजू बेटाच्या बाजूला टाकलं तर परत दिसणार नाही."

"आणि उद्या कोणी विचारलं, कॅमेरा कुठे गेला?"

"मोडला म्हणेन. रोवेना, तू टीव्ही बघतेस ना? रोज एकाला पकडतात. आधी फोटो दाखवतात, मग चौकशी करतात. मी तुला अजून एक दाखवतो." त्याने फोन काढला. "हा इक्बाल. सियालकोटचा. आखातात आमचा फोरमन होता. मला टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे यानेच पेज करून घातली. दर ख्रिसमसला याचा मेसेज येतो, दर ईदला माझा जातो. हा फोन पोलिसांच्या हातात गेला की मी संपलो. आधी हे पुसतो, मग बघू."

"ते पुसलंस तर मग खरंच संपलास," रोवेना म्हणाली. "पुसलेलंही सापडतं, पपा. मग विचारतील, का पुसलंत? तेव्हा टायफॉइडची गोष्ट कोणी ऐकणार नाही."

"आणि पोलिसांकडे नाही गेलो तर?"

"तर तुझ्या गावात याच तारखेने उघडणारे आणखी किती कॅमेरे आहेत, ते मोज."

मी पोत्यात होतो. एका बाजूला खाडी होती आणि दुसऱ्या बाजूला पोलीस ठाणं. मी बुडालो असतो तर माझ्याबरोबर हिलरीचा एकुलता एक साक्षीदार बुडाला असता. हे त्याला सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

धर्मा म्हणाला, "शेट, मी येतो संगं. मी पन बघितलाय त्याला फिरताना."

हिलरीने पोतं उचललं आणि स्कूटरवर पायांजवळ ठेवलं; धर्मा मागे बसला. पुलाशी एक रस्ता खाडीकडे जातो आणि एक पोलीस ठाण्याकडे. तिथे स्कूटर थांबली. मी श्वास घेत नाही, पण घेत असतो तर तेव्हा रोखला असता. मग स्कूटर ठाण्याकडे वळली.

सायबर विभागाच्या फौजदार विनया मॅडम शांत होत्या आणि एकेक प्रश्न दोनदा विचारायच्या. त्यांनी हिलरीचा फोन घेतला. इक्बालचे मेसेज त्यांनी सुरुवातीपासून वाचले, सगळे. हिलरी समोर बसला होता आणि त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"हे अजून ठेवलेत?" त्यांनी विचारलं.

"पुसणार होतो, मॅडम. मुलीने पुसू दिलं नाही."

"शेवटचं कधी बोललात?"

"बोलणं नाही. ईदला शुभेच्छा दिल्या, एवढंच."

त्यांनी मान हलवली नाही की त्या हसल्याही नाहीत. माझं कार्ड काढून त्यांनी यंत्राला लावलं. त्यातला तपशील दीड तास तपासला. हुकूम बाहेरून आले होते. पत्ता एका देशातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला होता आणि तिथे वाट बुजली होती.

"हे तुम्हीच कोणाकडून करवून घेतलं नाही कशावरून?" विनया मॅडमनी विचारलं.

धर्मा दाराशी उभा होता. तो पुढे आला आणि त्याने स्वतःचा फोन टेबलावर ठेवला. "मॅडम, हे ऐका. शेटनी मला झापलंय."

आणि त्या शांत खोलीत शुक्रवारी सात बावीसचा हिलरीचा आवाज आला, 'काल दांडी, आज दांडी.' त्या दोन्ही दिवशी सातला माझी मान रुळांवर होती, हे कार्डावर लिहिलेलं होतं. ज्याने मला तिकडे वळवलं असेल, तो माणूस धर्मा दिसत नाही म्हणून धर्मावर रागावणार नाही. विनया मॅडमनी तो आवाज दोनदा ऐकला, वेळ कागदावर उतरवली आणि पहिल्यांदाच हिलरीला पाणी दिलं.

संध्याकाळी जितेशला बोलावलं.

"सांडोरमध्ये किती कॅमेरे बसवलेस?"

"चौतीस, मॅडम."

"पासवर्ड?"

"गावचा सण."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. बाजूच्या गावांना त्यांचा सण."

"आणि विरारच्या सोसायट्यांना?"

"त्यांना सण नाही मॅडम," जितेश खाली बघत म्हणाला. "त्यांना एक ते आठ."

विनया मॅडमनी पेन खाली ठेवलं.

नंतर त्यांनी रोवेनाला जे सांगितलं, ते मी टेबलावरून ऐकलं. माझ्यात शिरायला दोन दारं होती. एक तारखेचं, ते हिलरीने उघडं ठेवलं. दुसरं बनवणाऱ्यांनीच दुरुस्तीसाठी म्हणून ठेवलेलं होतं. ते बंद करायची सूचना एकोणीस वेळा आली होती. कोणत्या दाराने कोण आलं, हे सिद्ध करता येणार नाही. "दार ठेवणारे एका देशातले आणि आत डोकावणारे दुसऱ्या देशातले असू शकतात," त्या म्हणाल्या. "त्यांचं आपसात जमतं. आणि तिथे सरकारला जाब विचारायची सोय नाही. तुम्ही मला विचारू शकता, मी कोर्टाला उत्तर देते. तिथल्या माणसाला स्वतःच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्याबद्दलही विचारता येत नाही."

मला ती हलक्या हातांची मुलगी दिसली. तिने मला वाईट हेतूने बनवलं नव्हतं. हिलरीने मला वाईट हेतूने बसवलं नव्हतं. तरी माझ्याकडून वाईट काम झालं.

रविवारी फादरनी मिस्सेनंतरच्या सूचनांत, ठरलेल्या लग्नांच्या चिठ्ठ्या वाचून झाल्यावर, सगळ्यांनी आकडे बदलावेत असं सांगितलं. रोवेना ही हकीकत ठाण्यात सांगत होती. मटिल्डा आंटी सगळ्यांसमोर उठून म्हणाल्या होत्या, "मग आता लक्षात काय ठेवायचं?" रोवेना आणि जितेशने पुढचे तीन दिवस घरोघरी फिरून चौतीसच्या चौतीस कॅमेऱ्यांचे आकडे बदलले आणि थकलेल्या दुरुस्त्या घातल्या. त्यांतल्या आणखी दोघांच्या माना परक्या हाताने वळल्या होत्या. हिलरीने मला खाडीत टाकलं असतं, तर ते कळलं नसतं.

हिलरीला नवव्या दिवशी फोन परत मिळाला. सही करताना त्याने विचारलं, "मेसेज?"

"आहेत तसेच आहेत," विनया मॅडम म्हणाल्या. "ज्याने पेज करून घातली, त्याला शुभेच्छा देणं हा गुन्हा नाही. पण यापुढे कोणी विचारण्याआधी स्वतः सांगा."

जाताना हिलरी कपाटापाशी थांबला. त्याला मला हात लावायची परवानगी नव्हती. पिशवीतून तो माझ्या काचेकडे बघत होता. काचेवर अजून जाळं होतं. "पुसायला हवी होती," तो धर्माला म्हणाला आणि निघून गेला.

मित्रांनो, आता खटला उभा राहीपर्यंत मी इथेच असेन. कदाचित तोवर माझं आयुष्य संपेल. माझी एवढीच विनंती आहे. आम्हाला भिंतीवर टांगलं की पहारा सुरू झाला, असं समजू नका. आमची काच पुसा, आमचे आकडे बदला, दुरुस्ती आली की 'नंतर' दाबू नका. आणि कोण कुठून बघतंय, हे विचारायची मुभा तुमच्या देशात आहे, तोवर विचारत राहा. माझ्या जन्मगावी ती कोणालाच नव्हती.

पाच दिवस मी काय दाखवलं, ते मला आठवतं. कोणाला दाखवलं, ते मात्र माहीत नाही. म्हणून आज घरी गेलात की दाराशी थांबा आणि एकदा वर बघा. तुमचा कॅमेरा तुम्ही ठेवला होता तिकडेच बघतो आहे ना, तेवढं पाहून मग आत जा.